सांगणाऱ्याला बोल नाही

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठार आहे. पेठ, कुरवंडी, भावडी, थुगाव ही तिथली गावं. खरिपाचा बटाटा इथं पावसाच्या जिवावर येतो. जूनच्या मध्याला जमीन भिजली की लागवड सुरू होते. बेणं पंजाबातून येतं, माल मंचरच्या बाजाराला जातो आणि मधले तीन महिने माणसं आभाळाकडे बघत काढतात. या पठारावरच्या एका वाडीत ही गोष्ट घडली. वाडीचं नाव घ्यायचं कारण नाही. अशा जावा-जावा प्रत्येक वाडीत आहेत.

आबांना दोन मुलगे. थोरल्याचा दुधाचा टेम्पो, धाकटा चाकणला कारखान्यात पाळीवर जाणारा. वाटण्या झाल्या तेव्हा भांडले ते दोघे भाऊ. पुढं ते आपापल्या कामाला लागले आणि अबोला चालवायचं काम बायकांच्या गळ्यात पडलं. थोरली सुमन, धाकटी मंगल. घराच्या मधोमध भिंत आली, मागच्या परड्याच्या मधोमध तुरकाट्यांचं कूड आलं. पडवी तेवढी वाटायची राहिली, म्हणून आबा पडवीत राहिले. एक महिना सुमनकडं जेवायचे, एक महिना मंगलकडं.

अबोला म्हणजे बोलणं बंद, असं नव्हे. सुमनची राणी सातवीत होती. सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं.

"राणी, तुझ्या काकीला सांग, तिची कोंबडी आमच्या वाफ्यात उकरती."

काकी कुडापलीकडं हाताच्या अंतरावर उभी असायची. "राणी, तुझ्या आईला सांग, कोंबडीला वाटण्या कळत न्हाईत."

राणी कुणालाच काही सांगायची नाही. दोघींना ऐकू आलेलं असायचं.

परड्यात दोघींच्या सहा-सहा सऱ्या बटाटा होता. शेतातला बटाटा बाजाराचा, परड्यातला घरचा. नवरात्राच्या उपवासाला भाजी घरच्याच बटाट्याची, हा सासूच्या वेळेपासूनचा पायंडा, आणि तो मोडायला दोघींपैकी एकही तयार नव्हती. सुमननं गेल्या सालचे बटाटे खाटेखाली वाळूत ठेवले होते, त्यांच्याच डोळ्यांच्या फोडी करून तिनं लावल्या. मंगलनं पांदीपलीकडच्या गुरुजींकडून त्यांच्या लागवडीतलं उरलेलं बेणं आणलं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पांदीच्या कडेला त्यांचा दोन एकर बटाटा. जुलै संपला तेव्हा दोन्हीकडची झाडं गुडघ्याला आली होती. कुडाच्या फटीतून दोघी एकमेकींच्या सऱ्या बघायच्या आणि आपल्याच जोमदार आहेत असं मनाशी ठरवून आत जायच्या.

ऑगस्टात झड लागली. आठवडाभर ऊन नाही. पाऊस मोठा नव्हता, नुसती चिपचिप. सकाळी धुई उतरायची ती दहा वाजेपर्यंत हलायची नाही. पानं रात्रीची ओली ती दुपारपर्यंत ओलीच. गारवा, ओल आणि आभाळ ही तिन्ही एकत्र आली की पठारावरचा म्हातारा माणूस शेताच्या बांधावर जाऊन पान उलटं करून बघतो. आबांचे गुडघे धरले होते, म्हणून ते पडवीतूनच हवेचा वास घेत होते.

शनिवारी सकाळी सुमनला दिसलं. कुडालगतच्या सरीतल्या तीन झाडांच्या पानांची टोकं तेलकट, काळपट झाली होती. गरम पाणी सांडल्यावर पान जसं मऊ पडतं, तसं. करपा. पठारावर जन्मलेल्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही.

पहिला विचार तिच्या मनात आला तो करप्याचा नव्हता, मंगलचा होता. आता ही म्हणणार, घरचं जुनं बेणं लावलं, दोन पैसे वाचवायला गेली आणि रोग आणला. राणीला पुढं करून सगळ्या आळीला ऐकवणार. सुमननं इकडंतिकडं बघितलं, डागाळलेली पानं तोडली, ओच्यात घेतली आणि कुडाच्या कडेला उकिरड्यावर टाकून वर शेणाची पाटी रिकामी केली. संध्याकाळी आणखी पाच झाडांवर डाग. रविवारी ती उजाडायच्या आत उठली आणि अंधारातच पानं खुडायला बसली.

सोमवारी मंगलला दिसलं. तिच्या मनात आलं, आक्का म्हणणार, गुरुजींकडून फुकटचं बेणं आणलं, हावरटपणा नडला. शिवाय गुरुजींच्या कानावर गेलं तर त्यांनाही वाटणार की ही आपल्या बेण्याला नाव ठेवते. मंगलनं पानं तोडली, पदराखाली घेतली आणि कुडाच्या तिच्या बाजूला, केळीच्या बुंध्याशी टाकली. मंगळवारी तीही पहाटे उठली.

बुधवारी पहाटे कुडाच्या दोन्ही अंगांना दोघी उकिडव्या बसलेल्या होत्या. पलीकडं काहीतरी खसफसतंय हे दोघींना ऐकू आलं. सुमनला वाटलं मांजर असेल. मंगलला वाटलं घूस असेल. दोघींनी श्वास धरला, आणि मांजर आणि घूस दोन्ही बराच वेळ गप्प बसली.

पडवीत आबा जागे होते. म्हातारपणी झोप तशीही कमी. त्यांनी थोरलीच्या दाराची कडी ऐकली, मग धाकटीच्या. वारा परड्याकडून येत होता आणि त्यात सडक्या पाल्याचा कुजट वास होता. करपा फार झाला की रानाला हा वास सुटतो. म्हणजे जे चाललंय ते दोन-चार पानांचं नाही, हे त्यांना कळलं.

तो महिना सुमनकडं जेवायचा होता. भाकरी वाढताना सुमन म्हणाली, "बटाटा बरा हाय औंदा."

दुपारी मंगल चहा घेऊन आली. आबांनी विचारलं, "तुझा बटाटा कसा हाय?"

"ब्येस हाय."

आबांनी संध्याकाळी राणीला जवळ बोलावलं. "दोन्ही परड्यांतनं येक-येक पान आण. डाग पडलेलं, पर कडंनी हिरवं आसंल आसं. आईला सांगू नगं, काकीला सांगू नगं." राणीनं दोन पानं आणली. आबांनी दोन स्टीलच्या ताटल्या घेतल्या, जुन्या पंचाचे दोन तुकडे भिजवून पिळले, त्यांवर पानं पालथी ठेवली आणि वर वाडगे उपडे घातले. ताटल्या रांजणाशेजारी गारव्यात सरकवल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी दोन्ही सुनांना पडवीत बोलावलं. सुमन उंबऱ्याच्या या बाजूला उभी राहिली, मंगल त्या बाजूला. आबांनी वाडगे उचलले.

रात्रीतून डाग वाढला होता. काल नखाएवढा होता, आज अर्धं पान काळं. आणि काळं संपून हिरवं सुरू होतं त्या सीमेवर, पानाच्या खालच्या अंगाला, पांढरी बारीक लव उगवलेली होती. आबांनी पान उजेडात तिरपं धरलं तेव्हा ती नीट दिसली. बोट लावलं की पुसली जात होती.

"लवकरचा करपा आसता तर डाग वाळका राहिला आसता, गोल गोल कड्यांचा, आन् ही पांढरी लव आली नसती," आबा म्हणाले. "त्यो सावकाश खातो. ह्यो उशिराचा. ह्यो आठ-धा दिसांत रान झोपवतो. आता सांगा, ह्यातलं कुणाचं पान कंचं?"

दोघींनी ताटल्यांकडं बघितलं. राणीकडं बघितलं. राणीलाही आठवेना. दोन्ही पानं सारखीच काळी होती, लवही सारखीच पांढरी.

मंगलच्या तोंडून पहिल्यांदा, मध्ये राणी न घेता, शब्द बाहेर पडले. "आक्का, तुमच्याकडं पण?"

"तुझ्याकडं कवापासनं?"

"सोमवारपासनं."

"माझ्याकडं शनिवारी दिसलं."

दोघी क्षणभर गप्प राहिल्या आणि मग तीन वर्षांचं तुंबलेलं एकदम वाहिलं. शनिवार सोमवारच्या आधी येतो, म्हणजे आलं ते तुमच्याकडून. तुझं गुरुजींचं बेणं पंजाबचं, रोग तिकडूनच आला. तुमचं जुनं बेणं, त्यातलं एखादं सडकं निघालं असणार. तू गेल्या साली बटाटे नीट वेचले नाहीस, मातीत राहिलेले उगवले, ते तू उपटलेस का? आबांनी दोघींना दमेपर्यंत बोलू दिलं.

मग म्हणाले, "तुम्ही दोघी म्हणताय ते समदं खरं आसंल. बेण्यातनं येतो, मातीत राहिलेल्या बटाट्यातनं येतो, दुसऱ्याच्या रानातनं वाऱ्यावर बी येतो. आपल्याकडं कुठनं आला हे मला सांगता येत न्हाई, तुम्हालाबी सांगता यायचं न्हाई. पर शनिवारपासनं गुरुवारपतूर पाच दिस गेले, त्यो हिशेब सांगता येतो. डाग डोळ्याला दिसतो त्याच्या चार-पाच दिस आधीच त्यो पानात शिरल्याला आसतो. तुम्ही काळी पानं खुडत बसलाव, तवर त्यो हिरव्या पानांत बसला होता. आन् खुडलेली पानं टाकली कुठं?"

दोघींनी खाली बघितलं. कुडाच्या एका अंगाला उकिरडा, दुसऱ्या अंगाला केळ. एकीनं दुसरीच्या दारात नेमाने रोग वाढून ठेवला होता.

"आता गुरुजींना सांगा," आबा म्हणाले.

"नगं!" दोघी एकदम म्हणाल्या. वाटण्या झाल्यापासून जावांचं एकमत झालं ते हे.

"का नगं?"

"ते वरडत्याल," सुमन म्हणाली.

"बेणं त्यांचंच होतं," मंगल म्हणाली.

"दोन एकर हाय त्यांचं. पांद वलांडली की रान. सांगा."

शेवटी मंगल गेली. गुरुजी बांधावर छत्री घेऊन उभे होते. तिनं सांगितलं आणि गुरुजींचा पारा चढला. "पाच दिवस? पाच दिवस तुम्ही दोघी झाकून बसलात? शनिवारी बोलला असतात तर रविवारी सकाळी तासभर उघडीप होती, तेवढ्यात मी फवारून घेतलं असतं! अक्कल आहे का काही? माझं कर्ज फेडायला तुम्ही येणार आहात?" आळीतली माणसं दारात आली. मंगल मान खाली घालून परत फिरली. गुरुजी तिच्या मागोमाग पडवीत आले, आबांना चार शब्द सुनवायला.

आबांनी त्यांना बसायला घोंगडी सरकवली. "गुरुजी, तुमचं बोलणं रास्त हाय. पर येक सांगा. पुढच्या साली हिच्या परड्यात डाग दिसला, तर ही तुमच्याकडं येईल?"

गुरुजी काही बोलले नाहीत.

"सुमन शनिवारी का बोलली न्हाई? मंगल टोमणा मारंल म्हणून. मंगल का बोलली न्हाई? सुमन मारंल म्हणून. आज येकजण धीर करून सांगाया आली, तर आख्ख्या आळीनं बघितलं की सांगणाराची काय गत हुती. उद्या ज्याच्या रानात डाग पडंल त्यो आधी हे आठवंल, मग करपा आठवंल. तुमच्या दोन एकराला धोका करप्याचा हाय, तसा तुमच्या तोंडाचाबी हाय."

वाडीत गुरुजींना असं कुणी बोलत नसे. ते बराच वेळ पागोळ्यांकडं बघत बसले. मग म्हणाले, "आबा, मी शाळेत पोरांना आयर्लंडचा दुष्काळ शिकवला आहे. १८४५ साली हाच करपा तिथं उतरला. तिथल्या गरिबांचं पोट एकट्या बटाट्यावर, आणि बटाटाही बहुतेक एकाच जातीचा, लंपर नावाचा. रोग एकात शिरला की सगळ्यांत शिरणारच. आणि मोठी माणसं वाद घालत बसली. कुणी म्हणालं हवा बिघडली, कुणी म्हणालं देवाचा कोप, कुणी म्हणालं हे लोकच आळशी. बर्कली नावाचा एक पाद्री होता, बुरशांचा जाणकार. त्यानं १८४६ मध्ये लिहिलं की ही लव रोगामुळं उगवत नाही, या लवेमुळं रोग होतो. फार थोड्यांनी ऐकलं. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि साथींनी मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. घरात अन्न नव्हतं तेव्हाही तिथून धान्य बाहेर जात होतं. नुसत्या करप्यानं एवढी माणसं मेली नाहीत. चूक कुणाची यावर चर्चा भरपूर झाली, मदत मात्र तोकडी आणि उशिरा." ते थांबले. "इतकी वर्षं मी हे शिकवलं. आणि मघाशी बांधावर मीही तेच केलं."

"मग आता काय करायचं ते सांगा," मंगल म्हणाली. तिचे डोळे अजून ओले होते, पण तिला घाई झाली होती.

गुरुजी उठले. त्यांच्याकडं लिंबाच्या झाडांसाठी आणलेलं मोरचूद होतं. सुमनकडं घर सारवून रंगवताना उरलेला कळीचा चुना होता. मंगलकडं प्लास्टिकच्या बादल्या होत्या, आणि त्याच हव्या होत्या, कारण मोरचूद लोखंडी भांड्याला खातं. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना. एका बादलीत पाच लिटर पाण्यात निळं मोरचूद विरघळवलं, दुसरीत पाच लिटरमध्ये चुना भिजवून गाळून घेतला, आणि दोन्ही एकदम, सारख्या धारेनं, तिसऱ्या बादलीत ओतलं. राणी काठीनं ढवळत होती. पाणी आकाशी झालं. गुरुजींनी विळ्याचं पातं घासून स्वच्छ केलं आणि त्यात बुडवलं. बाहेर काढलं तर पात्यावर तांबूस पुट चढलं होतं. "चुना कमी पडला. असंच मारलं तर पानं जळतील." सुमननं आणखी मूठभर चुना कालवून ओतला. दुसऱ्यांदा पातं स्वच्छ बाहेर आलं.

"हे बोर्डो मिश्रण," गुरुजी म्हणाले. "फ्रान्समध्ये बोर्डो गावाच्या बाजूला द्राक्षाचे मळे. रस्त्यावरून जाणारे लोक द्राक्षं चोरतात म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर हे निळं-पांढरं मारून ठेवत, खाणाऱ्याला विषारी वाटावं म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं बघितलं की बाकी मळा रोगानं गेला आणि कडेच्या वेली हिरव्या. १८८५ साली त्यानं ते छापून जगाला सांगितलं. तेव्हापासून द्राक्षाला आणि बटाट्यालाही हे मारतात. पण लक्षात ठेवा, हे औषध लागलेल्या पानाला बरं करत नाही. न लागलेल्या पानाला राखतं. म्हणून आधी मारायचं असतं."

पुढचा निर्णय सुमनचा होता आणि तो सोपा नव्हता. तिच्या सहाही सऱ्यांत करपा खोडापर्यंत उतरला होता, पण वरून बघणाऱ्याला निम्मी झाडं अजून हिरवी दिसत होती. आबा म्हणाले, "काप. समदा पाला, जमिनीलगत."

"आबा, हिरवा हाय. आजून पंधरा दिस मिळालं तर बटाटा फुगंल."

"पंधरा दिस मिळायचं न्हाईत. पावसाबरूबर ही लव खाली धुपती, मातीच्या भेगांतनं बटाट्यापतूर जाती. पाला गेला तर बटाटा बारका मिळंल. बटाट्याला लागलं तर बारकाबी मिळायचा न्हाई. हिरवं हाय तवरच कापायचं आसतं पोरी. काळं झाल्यावर कापलं काय आन् न कापलं काय."

सुमननं विळा घेतला. पहिली सरी तिनं एकटीनं कापली. दुसऱ्या सरीत कुडाच्या फटीतून मंगल आत आली आणि समोरच्या टोकाकडून कापू लागली. परड्याच्या कोपऱ्यात गुडघाभर खड्डा खणून सगळा पाला त्यात पुरला. उकिरड्यावरची आणि केळीखालची पानंही वेचून त्यातच टाकली, कारण करप्याचा पाला खतात गेला तर तो पुन्हा रानातच येतो. मग सऱ्यांना मातीची भर दिली, भेगा बुजवल्या. मंगलच्या कुडालगतच्या दोन सऱ्या गेल्या, उरलेल्या चारांवर, पानाच्या वरून आणि मुख्य म्हणजे खालून, निळं पाणी मारलं. शेजारीच तिचे चार टोमॅटो होते, तेही सोडले नाहीत. टोमॅटो बटाट्याच्याच कुळातला, करपा त्याला ओळखतो. तिसऱ्या प्रहरी दोन तास उघडीप मिळाली. गुरुजींनी पाठीवर पंप घेऊन पांदीच्या बाजूनं मॅन्कोझेब मारायला सुरुवात केली, दहा लिटरला पंचवीस ग्रॅम. सुमनचा नवरा टेम्पो लावून पाणी आणून देत होता.

पाला कापल्यावर लगेच खणायचं नसतं. साल पातळ असते, आणि मातीच्या वरच्या थरात लव जिवंत असते. घाईनं काढलेला बटाटा घरात येऊन सडतो. सुमननं दोन आठवडे वाट बघितली आणि ऊन पडलेल्या दिवशी खणलं. बटाटे लहान निघाले, बरेचसे लिंबाएवढे. काहींच्या सालीवर दबलेले डाग होते. कापून बघितलं तर सालीखाली तांबूस, गंजका रंग आत उतरलेला. ते तिनं वेगळे काढून त्याच खड्ड्यात पुरले. बाकीचे पडवीत पसरून वाळवले आणि पुन्हा निवडले. मंगलच्या चार सऱ्यांपैकी एक पुढं गेली, तीन शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. गुरुजींच्या रानात पांदीच्या कडेचा पट्टा जळाला, बाकी माल निघाला. नुकसान सगळ्यांचं झालं. पाच दिवसांचं मोल सगळ्यांनी भरलं.

नवरात्रात दोन्ही चुलींवर घरच्या बटाट्याची भाजी झाली. अबोला पुरता मिटला असं मात्र नाही. कोंबडी अजून वाफ्यात जाते आणि त्यावरून अजून वाजतं. पण आता ते राणीच्या तोंडून वाजत नाही.

पुढच्या सालीही ऑगस्टात धुई उतरली, कारण ती उतरायचीच. या खेपेला सुमननं जुनं बेणं लावलं नव्हतं, मातीत राहिलेल्या बटाट्यांची उगवलेली रोपं दोघींनी जूनमध्येच उपटली होती. तरी करपा आला. पहिला डाग सुमनच्याच परड्यात पडला. तिनं कुडावरून हाक मारली, "मंगे, माझ्याकडं आलाय गं," आणि तशीच गुरुजींच्या बांधावर गेली. गुरुजींच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं आणि विचारलं, "किती पानं?"

"चार."

"बरं झालं लगेच सांगितलं." आणि ते पंप आणायला गेले.

आळीत आता असा रिवाज पडला आहे की करप्याची खबर घेऊन येणाऱ्याला आधी चहा द्यायचा, मग विचारायचं ते विचारायचं. कुणाच्या रानातून आला, हा प्रश्न विचारायला बंदी नाही, पण तो फवारणी आटोपल्यावर विचारायचा. तोवर बहुतेकांना त्याची गरज वाटत नाही.

संकट पहिल्यांदा ज्याला दिसतं, त्याला ते सांगायची हिंमत लागते हे खरं. पण ती हिंमत एकट्या सांगणाऱ्याच्या अंगी असून भागत नाही. ती ऐकणारा देतो किंवा हिरावून घेतो. जिथं खबर आणणाराच गुन्हेगार ठरतो, तिथं लोक खबर आणणं सोडतात, आणि मग रोगाला वाऱ्याचीही गरज उरत नाही. शेजाऱ्यानं वेळेवर सांगावं असं वाटत असेल, तर आधी त्याला सांगता येईल असे शेजारी व्हावं.